बटण सोडलं की ऐकू येतं

३ मार्च

प्रिय छोटी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र फाडणार नाहीस, असं बबडी छातीठोकपणे म्हणाली. तुझ्याच लेकीच्या भरवशावर लिहायला बसले आहे, तेव्हा फाडलंस तर खोटी ती पडेल, मी नाही. फोन तर तू माझा उचलत नाहीस. माझं नाव दिसलं की मोबाईल पालथा घालून ठेवतेस म्हणे. नऊ वर्षं मोबाईल पालथा घालायचा म्हणजे तुझ्याही हाताला वळण पडलं असेल. म्हणून म्हटलं, पत्र बरं. त्याची रिंग वाजत नाही.

मी निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली, हे तुला कळलंच असेल. रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर तेहेतीस वर्षं काढली. तेहेतीस वर्षं तीच खोली, तीच खुर्ची, आणि डोक्यावरच्या हेडफोनची गुंडाळीची वायर बोर्डात खोचलेली. ताणली तर साडेचार फूट. म्हणजे खिडकीपाशी जाता यायचं, पण वाकून खाली बघता यायचं नाही. त्या खिडकीतून मी इतकी वर्षं समोरच्या इमारतीचा फक्त चौथा मजला बघितला. शेवटच्या दिवशी वायर काढून ठेवली आणि जाऊन खाली वाकले. खाली सायकल स्टँड होता. एवढ्यासाठी मी जीव टाकत होते!

आता मात्र मला एक वेड लागलंय. हातात मावणारी, खिशात जाणारी आणि भिंतीत खुपसावी न लागणारी कुठलीही वस्तू दिसली की मी ती घेतेच. गळ्यात अडकवायचा पंखा आहे. मुठीएवढा वजनकाटा आहे, त्याला अडकवायचा आकडा आहे, त्यावर मी परवा शेजारणीचं मांजर पिशवीत घालून तोललं. भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं एक यंत्र आहे. त्याने मोजलं तर तुझ्या भावोजींच्या खुर्चीपासून स्वयंपाकघराचा ओटा चार मीटर वीस. "बघा," म्हटलं, "एवढंच अंतर आहे, आणि चहाचा कप तुम्हाला उचलून ठेवता येत नाही." तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आता घरात मलाच तेवढं चार्जिंगला लावायचं राहिलंय."

माझं दुकान ठरलेलं आहे. दुकानदाराला सगळे सेलवाला म्हणतात, कारण त्याच्या बापाने सेल आणि टॉर्च विकून सुरुवात केली. मी दारात दिसले की तो बाकीची गिऱ्हाईकं सोडून म्हणतो, "मावशी, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय." काही काढून ठेवलेलं नसतं. समोर जे असेल तेच तो उचलतो. मला कळतं, पण बरं वाटतं.

एका जागी बसवत नाही गं. खुर्ची दिसली की पाठ भरून येते. सकाळी भाजी आणायला जाते आणि भाजी न घेता दीड तासाने परत येते. मनगटावरचं यंत्र पावलं मोजतं. काल बारा हजार झाली, आणि कुठे गेले होते ते मला सांगता येईना.

आई गेली त्या दिवशी तू बोर्डावर फोन केलास आणि लाइन तुटली, त्याबद्दल मी पुन्हा काही लिहीत नाही. जे होतं ते मी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं आहे. मला तुझा आवाज ऐकायचा आहे, एवढंच.

तुझी
ताई


११ मार्च

प्रिय छोटी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन गेल्यावर मी दोनदा खाली जाऊन पेटी बघितली. दुसऱ्यांदा बघताना वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काही महत्त्वाचं यायचंय का?" म्हटलं, "विजेचं बिल." त्या म्हणाल्या, "ते तर आता मोबाईलवर येतं." तोंडावर पडले.

बबडी म्हणते, पाकीट कात्रीने नीट कापलेलं आहे. म्हणजे वाचलंस. तिला रागावू नकोस. तिचं चष्म्याचं दुकान माझ्या वाटेवर आहे, मीच जाऊन तिचं डोकं खाते.

आता मुद्द्याचं. याच्याबरोबर तिच्या हाती जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून एक वस्तू पाठवली आहे. घाबरू नकोस, तो वॉकी-टॉकी आहे. जोडी असते, एक तुझा, एक माझा. सिमकार्ड नाही, नंबर नाही, कुणाचं नाव दिसत नाही. डब्यावर लिहिलंय, पाच किलोमीटरपर्यंत चालतो. तुझं घर माझ्या घरापासून सरळ रेषेत साडेतीन भरतं, बबडीने नकाशावर मोजून दिलं. बसने मात्र पाऊण तास, कारण बस सगळ्या गावाची चौकशी करत जाते.

वापरायला सोपा आहे. बोलायचं असेल तर बाजूचं बटण दाबून धरायचं. ऐकायचं असेल तर सोडायचं. दोन्ही एकदम होत नाही. एक बोलत असेल तोवर दुसऱ्याला मधे तोंड घालता येत नाही. तुला आठवतं, आई म्हणायची, या दोघी एकदम बोलतात आणि मग दोघीही म्हणतात की माझं कुणी ऐकत नाही? तिला हे यंत्र आवडलं असतं.

चॅनेल चार लावून दिला आहे, त्याला हात लावू नकोस. रोज संध्याकाळी सहा वाजता मी माझा चालू करीन आणि दहा मिनिटं ठेवीन. तू बोललंच पाहिजेस असं काही नाही. नुसता चालू ठेवलास तरी चालेल.

तीन पेन्सिल सेल लागतात. घालून दिले आहेत, चांगल्या कंपनीचे.

ताई


२३ मार्च

प्रिय छोटी,

सात दिवस गच्चीवर उभी राहिले. सात दिवस नुसती खरखर. आठव्या दिवशी बबडीला विचारलं, तर ती आधी खूप वेळ चष्मे पुसत बसली आणि मग म्हणाली, "मावशी, आईने त्यातले सेल काढलेत. दोन टीव्हीच्या रिमोटला घातले, एक भिंतीवरच्या घड्याळाला."

हसावं की रडावं कळेना. चांगल्या कंपनीचे होते, निदान टीव्ही तरी नीट चालेल.

बरं, त्यातही गंमत अशी की सेल असते तरी आवाज पोहोचलाच नसता. मी सेलवाल्याकडे भांडायला गेले. तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, पाच किलोमीटर म्हणजे मोकळ्या माळावर. मधे घरं आली, भिंती आल्या, की एक मिळालं तरी नशीब समजायचं."

"मग डब्यावर तसं लिहा की!"

"डब्यावर खरं लिहिलं तर कोण घेईल?"



तेव्हा आता मी रोज थोडी पुढे येते. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत आले. मग पुलावर. तुझ्या सेटमध्ये सेल नाहीत, म्हणजे मी कुठेही उभी राहिले तरी काही उपयोग नाही, हे कळतंय मला. वेड पांघरून पेडगावला जाणारी मी नव्हे, मला खरंच वेड लागलंय असं तुझे भावोजी म्हणतात. पण घरी बसून तरी काय करू? सहाला पाच कमी असले की पायात चपला कधी चढतात तेच कळत नाही.

पुलावर मात्र आवाज आला. एक पुरुष म्हणाला, "पांढरी गाडी मागे घ्या, मागे." मी बटण दाबून विचारलं, "कोण बोलतंय?" तर म्हणाला, "पार्किंग फुल आहे बाई!" कुठल्यातरी इमारतीचा पहारेकरी. त्यांचाही चॅनेल चार. आता आमची रोज दोन वाक्यांची ओळख आहे. तो विचारतो, "लागला का तुमचा माणूस?" मी म्हणते, "नाही." मग तो गाड्यांकडे वळतो.

मला आज ती घंटा आठवली. आईच्या उशाशी ठेवलेली, बिनवायरची. बटण तिच्या हातात आणि घंटा तुझ्या स्वयंपाकघरात. मीच आणली होती. माझी पहिली खरेदी ती. मला वाटलं होतं, छोटीची सोय होईल. तू म्हणालीस, "ताई, तू वस्तू पाठवतेस आणि ती वाजल्यावर पळते मी." तेव्हा मी हसले होते. तुझ्या यजमानांची सदा फिरती, बबडी कॉलेजात, आणि ती घंटा दिवसातून चाळीस वेळा वाजायची. चाळीस हा आकडा तूच फोनवर सांगितलेला. रोज चार वाजता बोर्डावर तुझा फोन यायचा. आईने दूध सांडलं, आईने चादर ओली केली, आई ऐकत नाही, तू कधी येतेस.

मी रविवारी यायचे. कधीकधी रविवारीही नाही.

ताई


२६ मार्च

छोटी,

हे पत्र टाकू नकोस असं तुझे भावोजी म्हणाले. टाकते आहे.

तू किती ताणणार आहेस? मी साठी ओलांडलेली बाई, हातात खेळणं घेऊन गल्लोगल्ली फिरते. काल एका पोरीने आईला विचारलं, "या आजी पोलीस आहेत का?" लोक हसतात. आणि तू आरामात रिमोट दाबत बसली आहेस.

यंत्र आहे ते, बिघडतं. लाइन तुटते. रुग्णालयाच्या त्या जुन्या बोर्डावर दिवसाला वीस वेळा तुटायची, कुणालाही विचार. माझ्या जोडीला बसायची तिला विचार. मी काय मुद्दाम केलं? मी तुझ्या दारापर्यंत आले होते. तू दारात जे बोललीस ते मी विसरलेले नाही. मोठ्या बहिणीला कुणी असं बोलतं?

जाऊ दे. उगाळावं तेवढं काळंच.

ताई


२ एप्रिल

छोटी,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. नाही, ठेव. ते वाचून मग हे वाच.

परवा सेलवाल्याकडून मी एक रेकॉर्डर आणला. काडेपेटीएवढा, खिशाला अडकवायचा. मला वाटलं, पत्रात जमत नाही ते बोलून पाठवावं, बबडी तुला ऐकवील. बाल्कनीत उभी राहून बोलले. सगळं छान बोलले. आईबद्दल, घंटेबद्दल. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी लाइन तुटली गं, माझा काय दोष?" मग नीट आलंय का बघायला परत लावलं.

तुला माझं काम माहीत आहे. तेहेतीस वर्षं मी फक्त आवाज ऐकले. डॉक्टर केबिनमध्ये असून नाहीत म्हणणारे, आजारी नसून रजा सांगणारे, पेशंट गेलेला असून "जरा गंभीर आहे" म्हणणारे. खोटं बोलताना माणूस शेवटचा शब्द किंचित वर उचलतो. हे मी नव्या मुलींना शिकवायचे. त्या रेकॉर्डरमधली बाई "लाइन तुटली गं" म्हणाली आणि तिने "गं" वर उचलला.

तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा आतून तुझे भावोजी आले, माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि म्हणाले, "पुरे. मला पहिल्यापासून माहीत आहे." नऊ वर्षं हा माणूस माझ्या शेजारी वर्तमानपत्र वाचत गप्प बसला होता.

तर ऐक. लाइन तुटली नव्हती. मी ठेवला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बोर्डावर सात दिवे लुकलुकत होते. दुपारी एक अपघाताची बस आली होती, रक्तपेढीपासून पोलिसांपर्यंत सगळे एकाच वेळी मला हवे होते. तुला माहीत आहे मला कसला गर्व होता. लोक बोलायच्या आधी मी त्यांना श्वासावरून ओळखायचे. मोठे सर्जन आधी घसा साफ करायचे, मेट्रन नाकाने फुसकारायच्या, आणि तू तक्रार सुरू करण्याआधी एक लांब श्वास घ्यायचीस, तोंडाने, थोडा अडखळत. जोडीदारणीला मी पैजेवर ओळखून दाखवायचे. त्या दिवशी तिसऱ्या लाइनचा दिवा लागला. मी "हॅलो, रुग्णालय" म्हटलं. पलीकडून तो श्वास आला. लांब, अडखळत. मी जोडीदारणीला म्हटलं, "आली बघ आमच्या घरची दुधाची बातमी." आणि खटका वर केला. तुला एक शब्दही बोलू दिला नाही. मनात म्हटलं, करील पाच मिनिटांनी परत.

तू परत केला नाहीस. साडेपाचला बबडी धापा टाकत बोर्डाच्या खोलीत आली. तिला बोलायची गरजच पडली नाही.

चौथ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी विचारलं, थोरलीला वेळेवर कसं कळवलं नाही? सगळे तुझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "तिने केला होता हो फोन, लाइन तुटली." मला वाटलं, मी तुला वाचवते आहे. खोटं. मी मला वाचवत होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि उठून आत गेलीस, तेव्हाच मला समजलं की तुला कळलंय. कळणारच. लाइन तुटली की फोन मुका होतो आणि कुणी ठेवला की टूं टूं वाजतं, हे तुला मीच शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, मोठा शहाणपणा मिरवत.

महिन्याने मी तुझ्या दारात आले. तू काय म्हणालीस ते आता लिहिते, कारण मागच्या पत्रात मी असं लिहिलं जणू तू मला शिव्या दिल्यास. तू म्हणालीस, "ताई, खरं सांगायला आली असशील तर आत ये. नाहीतर इथूनच जा." आणि मी जिना उतरले.

चप्पलसुद्धा काढली नव्हती मी.

यापुढे काय लिहायचं कळत नाही. क्षमा कर असं लिहायची माझी लायकी नाही, पण मला तेच म्हणायचं आहे.

ताई


८ एप्रिल

प्रिय छोटी,

पत्र टाकून सहा दिवस झाले. या सहा दिवसांत मी घरातली सगळी यंत्रं चार्ज केली, सगळी पुसली, पंख्याचे स्क्रू काढून परत लावले, एक उरला. प्लास्टिकचा वास येतो हल्ली त्यातून. भावोजींनी तो उचलून कपाटावर ठेवला आणि म्हणाले, "जा, फिरून ये. नाहीतर उद्या माझे स्क्रू काढशील."

सहाला मी आता तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असते. कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानासमोर एक सिमेंटचा बाक आहे, तिथे. आधी तुला सांगणार नव्हते. लपून बसल्यासारखं वाटायला लागलं म्हणून सांगते. वर बघत नाही मी. तुमची बाल्कनी तिथून दिसते हे मला माहीत आहे, तरी बघत नाही.

आज बबडीकडे गेले. काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. तीच कुरकुरत होती. "मावशी, घरात काही धड नाही. टीव्ही तीन दिवस बंद आहे, रिमोटमधले सेल कुणी काढले देव जाणे. आईला विचारलं तर म्हणते, मला काय माहीत. तिची मालिका बुडतेय तरी गप्प! आणि भिंतीवरचं घड्याळही बंद पडलंय."

मी विचारलं, "किती वाजता बंद पडलंय?"

ती म्हणाली, "हे काय विचारणं झालं? सहाला पाच कमी."

छोटी, मी तिच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. आपण होऊन बसले. मला पाणी द्यायला ती धावली, तिला वाटलं चक्कर आली. दोन रिमोटचे आणि एक घड्याळाचा. तीन.

तीन दिवस तू ऐकते आहेस, आणि मी तीन दिवस त्या पहारेकऱ्याशी गाड्यांबद्दल बोलते आहे.

उद्या मी काही बोलणार नाही. बटणाला हातच लावणार नाही.

ताई


१० एप्रिल

प्रिय छोटी,

काल तुझ्या-माझ्यात जे झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहिते. तू बोललीस ते माझ्या हाताने कागदावर उतरायला हवं, आणि मी नीट ऐकलं की नाही हे तुला बघता यायला हवं.

पावणेसहाला बाकावर बसले. इस्त्रीवाला शर्टावर पाणी शिंपडत होता. सहा वाजले, सेट चालू केला, मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. सहा वाजून चार मिनिटांनी खरखर थांबली. पलीकडे कुणीतरी बटण दाबलं होतं. आवाज नाही. आणि मग श्वास. लांब, तोंडाने.

मी ओळखला. पण या वेळी ओळखून मी काहीच केलं नाही.

तू म्हणालीस, "ताई, ऐक. मधे बोलू नकोस. तसंही तुला बोलता येणार नाही म्हणा, मी बटण सोडलेलं नाही. त्या दिवशी चार वाजता आईने घंटा वाजवली. तुझी ती घंटा. मी कावून गेले, म्हटलं आता काय. तर म्हणाली, थोरलीला लाव. मी म्हटलं, आई, ती ड्यूटीवर आहे, रविवारी येईल. तर म्हणाली, लाव. मी नंबर लावला आणि रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला. मी नव्हते गं फोनवर. आई होती. तिला बोलायला वेळ लागायचा, आधी श्वास गोळा करावा लागायचा. तो घेत होती ती."

छोटी, मी तेहेतीस वर्षं श्वास ओळखले. एक चुकला.

तू थांबलीस, पण बटण धरूनच ठेवलंस. तुमच्या घरातला नळ ठिबकताना मला ऐकू येत होता. मग म्हणालीस, "तुझं हॅलो तिने ऐकलं. हसली. 'आवाज किती छान येतो,' असं तोंडातल्या तोंडात म्हणाली. आणि मग टूं टूं वाजायला लागलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आई, लाइन तुटली. ते पहिल्यांदा मी म्हटलं, ताई, तू नाही. मी परत लावत होते, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, 'राहू दे, कामात असेल पोर.' मग जरा पडते म्हणाली. नंतर घंटा वाजलीच नाही.

"चौथ्या दिवशी तू सगळ्यांसमोर तेच वाक्य म्हणालीस. माझंच. मी ते आईला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. तू कुणासाठी म्हणालीस? तेवढंच विचारायचं होतं मला. नऊ वर्षं तेवढंच. पत्रात तू ते लिहिलंस. आता माझं झालं."

आणि खट्ट आवाज आला. तू बटण सोडलंस.

पाळी माझी होती. पहारेकरीही याच चॅनेलवर होता. त्याने सगळं ऐकलं असेल तर ऐकू दे. मी सेट उचलला, अंगठा बटणावर ठेवला, दाबला. मला म्हणायचं होतं, मला माहीत नव्हतं गं. म्हणायचं होतं, ती हसली होती का खरंच? तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. श्वास तेवढा आला. लांब, अडखळत, आईचा असावा तसा. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी तशीच बटण दाबून रडत बसले, किती वेळ ते माहीत नाही, आणि मग लक्षात आलं की असं दाबून धरलं तर तुझं मला काही ऐकू येणार नाही. तेव्हा सोडलं.

तू म्हणालीस, "घाई करू नकोस, ताई. मी ठेवत नाहीये."

हे पत्र बबडीच्या हाती देते, आणि उद्या पत्राऐवजी मीच येते. चप्पल काढून आत येईन. सहा पेन्सिल सेल आणते आहे, तीन घरातल्या वस्तूंना आणि तीन आपल्याला. ती मालिका कुठपर्यंत आली ते मला आधी सांगून ठेव, म्हणजे मी मधे विचारणार नाही.

तुझी
ताई